अंतोशा चेखोंते : एका होतकरू लेखकाची सहा वर्षे

शाळेत मास्तरांनी ठेवलेले नाव माणसाला आयुष्यभर चिकटते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आपल्याच तुकडीत असे चार-पाच जण आहेत की ज्यांचे खरे नाव हजेरीपटाबाहेर कुणाला ठाऊक नव्हते. रशियाच्या दक्षिणेला, अझोव समुद्राच्या काठी तागानरोग नावाचे एक बंदर आहे. तिथल्या शाळेत धर्मशिक्षणाचा तास घ्यायला पोक्रोव्स्की नावाचे पाद्री असत. मुलांच्या आडनावांची गमतीदार मोडतोड करून हाका मारायची त्यांना हौस होती. अंतोन चेखव या मुलाला ते अंतोशा चेखोंते म्हणत. मुलाने ते मनाला लावून घेतले नाही, जपून ठेवले. पुढे मॉस्कोच्या आणि पीटर्सबर्गच्या साप्ताहिकांत त्याने शेकडो गोष्टी छापून आणल्या, त्यांतल्या कितीतरी गोष्टींखाली हेच नाव होते.

गुरुजनहो, हा मुलगा दोनदा नापास झाला होता हेही सांगून टाकतो. एकदा गणित आणि भूगोलात, दुसऱ्यांदा ग्रीकमध्ये.

स्मरणिकेसाठी कुणा थोर व्यक्तीवर लिही, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा मी चेखवचे नाव घेतले. मात्र मला त्याची थोरवी सांगायची नाही. 'चेरी ऑर्चर्ड', मॉस्को आर्ट थिएटर, टॉलस्टॉयशी स्नेह हे सगळे नंतरचे. आपण शाळेत पाठ केलेल्या चरित्रांत माणूस दोन परिच्छेदांत थोर होऊन बसायचा. मधली वर्षे कुठे गेली हे कुणी विचारायचे नाही. मला ती मधली वर्षे हवी आहेत : १८८० ते १८८६, म्हणजे विसाव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत, जेव्हा तो गोष्टी लिहून पाठवणारा अनेकांमधला एक होता. आपल्या बॅचमधले दोघे-तिघे अजून दिवाळी अंकांकडे गोष्टी पाठवतात आणि साभार परतीची पाकिटे गोळा करतात. त्यांना यात स्वतःच्या ओळखीचे बरेच काही सापडेल.

अंतोनचा जन्म १८६० चा. आजोबा भूदास होते, त्यांनी पैसे साठवून स्वतःची आणि कुटुंबाची सुटका करून घेतली. वडील पावेल यांचे किराणा दुकान होते. पहाटे चर्चच्या गानवृंदात उभे राहायचे, मग शाळा, मग दुकानात बसायचे, आणि चुकले तर मार खायचा, असे मुलांचे बालपण. १८७६ मध्ये दुकान बुडाले. कर्जापायी तुरुंगात जायची वेळ येईल म्हणून वडील रातोरात मॉस्कोला निघून गेले, मागोमाग आई आणि धाकटी भावंडेही गेली. सोळा वर्षांचा अंतोन शाळा पुरी करायला एकटाच मागे राहिला. घर आता एका जुन्या भाडेकरूच्या ताब्यात गेले होते. त्याच घराच्या एका कोपऱ्यात, त्या माणसाच्या पुतण्याची शिकवणी घेण्याच्या बदल्यात, हा मुलगा तीन वर्षे राहिला. घरातले उरलेसुरले सामान विकून जमेल तसे पैसे तो मॉस्कोला धाडत असे. शाळेत असताना तो एक हस्तलिखित विनोदी मासिक काढून ते थोरल्या भावांना वाचायला पाठवत असे. आपल्या शाळेचे हस्तलिखित ज्यांनी रात्र-रात्र जागून सजवले, त्यांना हा मुलगा लगेच ओळखता येईल.

१८७९ मध्ये तो मॉस्कोला पोचला आणि वैद्यकीय शाखेत दाखल झाला. बरोबर दोन वर्गमित्र होते, साव्हेल्येव्ह आणि झेंबुलातोव्ह; तेही डॉक्टर व्हायला आलेले. चेखवच्या आईने त्या दोघांना पैसे घेऊन घरीच राहायला-जेवायला ठेवून घेतले, म्हणजे तेवढीच घरखर्चाला मदत. कुटुंब तेव्हा एका बदनाम वस्तीतल्या तळघरात राहत होते. खिडकीतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. वडिलांना एका व्यापाऱ्याच्या वखारीत महिना ३० रूबलची नोकरी होती. अंतोनला तागानरोग नगरपालिकेची महिना २५ रूबलची शिष्यवृत्ती मिळाली होती. तो आला आणि घर त्याच्याभोवती गोळा झाले. थोरला अलेक्सांद्र हुशार पण दारूडा, त्याच्या पाठचा निकोलाय अप्रतिम चित्रकार आणि तितकाच बेभरवशाचा. त्यामुळे तिसरा मुलगा घरचा कर्ता झाला.

त्या काळी रशियात विनोदी साप्ताहिकांचे पीक आले होते. चित्रे, चुटके, विडंबन, लहान गोष्टी असा मसाला, आणि मानधन ओळीवर. पीटर्सबर्गच्या 'स्त्रेकोझा' म्हणजे 'चतुर' नावाच्या साप्ताहिकाकडे अंतोनने एक लेख पाठवला : दोन प्रांतातला एक अर्धशिक्षित जमीनदार आपल्या विद्वान शेजाऱ्याला पत्र लिहितो आणि विज्ञानाचे अकलेचे तारे तोडतो. त्या साप्ताहिकात 'टपालपेटी' नावाचे सदर असे. कुणाचे स्वीकारले, कुणाचे नाकारले, हे तिथे सगळ्या जगासमोर छापायचे. म्हणजे साभार परतसुद्धा चारचौघांत! जानेवारी १८८० मध्ये त्याच पेटीत अंतोनसाठी निरोप आला की लेख वाईट नाही, छापू. मानधन ठरले ओळीला ५ कोपेक. शंभर कोपेकचा एक रूबल. मार्चमध्ये लेख छापून आला. वीस वर्षांच्या मुलाला त्या दिवशी काय वाटले असेल ते लिहायची गरज नाही. ज्यांचे नाव पहिल्यांदा छापून आले आहे, मग ते शाळेच्या वार्षिकात का असेना, त्यांना ते माहीत आहे.

पण पुढचे ऐका. त्याच वर्षी त्याच टपालपेटीतून नकारही येत राहिले आणि ते खोचक असत. वर्षअखेरीस तर संपादकांनी जाहीर सांगून टाकले की हा लेखक उमलायच्या आतच सुकू लागला आहे. चेखवने त्या साप्ताहिकाकडे मग बराच काळ काही पाठवले नाही. पुढल्या वर्षी त्याचे फार थोडे छापून आले. त्याच सुमाराला लिहिलेले एक लांबलचक नाटक त्याने एका नामवंत अभिनेत्रीला दाखवले, तेही परत आले. ज्या माणसाकडे आज जग लघुकथेचा आदर्श म्हणून बघते, त्याच्या हातात एकविसाव्या वर्षी एवढेच होते : थोड्या छापील गोष्टी, एक नाकारलेले नाटक आणि जाहीर टपली.

त्याने लिहिणे सोडले नाही, यामागे मोठा ध्यास वगैरे होता असे मला वाटत नाही. महिनाअखेर यायची, हे कारण जास्त खरे असावे. मॉस्कोची साप्ताहिके होती, 'बुदिल्निक' म्हणजे 'गजराचे घड्याळ', 'झ्रीतेल' म्हणजे 'प्रेक्षक'. तिथे तो गोष्टी द्यायचा, निकोलाय चित्रे काढायचा. छापून येणे एक आणि पैसे हाती येणे वेगळे. वसुलीला धाकटा भाऊ मिखाईल जात असे. त्याने आठवणींत एका संपादकाची गोष्ट सांगितली आहे. मानधनाचे तीन रूबल मागायला गेले की हे गृहस्थ विचारायचे, पैशांऐवजी नाटकाचे तिकीट चालेल का? नाहीतर नवी विजार? अमक्या शिंप्याकडे जा आणि माझ्या खात्यावर शिवून घे! मला हा प्रसंग वाचताना हसू येते आणि लगेच त्या तळघरातली चूल आठवते.

१८८२ च्या शरद ऋतूत चित्र पालटले. पीटर्सबर्गच्या 'ओस्कोल्की' म्हणजे 'तुकडे' या साप्ताहिकाचे संपादक निकोलाय लेयकिन मॉस्कोला आले होते. नव्या लेखकांच्या शोधात असलेल्या लेयकिनना पाल्मिन नावाच्या कवीने गाडीतून जाताना रस्त्याने चाललेले दोघे चेखव बंधू दाखवले. लेयकिननी ओळीला ८ कोपेक कबूल केले, आणि अट घातली की गोष्ट शंभर ओळींच्या आसपास आटपली पाहिजे. हिशेब करून पाहा. शंभर ओळींचे ८ रूबल. महिन्याला तीन गोष्टी गेल्या की जवळजवळ शिष्यवृत्तीइतकी रक्कम, आणि चौथी गेली की वडिलांच्या वखारीतल्या पगाराच्या वर. घरात आता डॉक्टरकीच्या पुस्तकांपेक्षा या ओळींवर भिस्त होती.

शंभर ओळींची अट त्याला जाचली, तो कुरकुरला. कधी लांबलेली गोष्ट कापता कापता जीव मेटाकुटीला येतो असे तो कळवायचा. पण या कुंपणात राहून त्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. प्रस्तावना गेली, निसर्गवर्णन एका वाक्यावर आले, पात्राचा सगळा स्वभाव त्याच्या बोलण्यात उतरला. १८८३ मधल्या दोन गोष्टी आठवा. नाटक बघताना शिंक आली आणि पुढे बसलेल्या साहेबाच्या टकलावर शिंतोडे उडाले, म्हणून माफी मागून मागून शेवटी जीव सोडणारा कारकून. आणि स्टेशनवर भेटलेले दोन शाळासोबती, एक लठ्ठ आणि एक किडकिडीत : मिठी मारतात, जुन्या खोड्या आठवतात, आणि लठ्ठ मित्र किती वरच्या हुद्द्यावर आहे हे कळताक्षणी किडकिडीत मित्राचा चेहरा बदलतो, तो अहो-जाहो करू लागतो. या दुसऱ्या गोष्टीची शाळेच्या मेळाव्यात एकदा आठवण व्हावी असे मला वाटते. का, ते ज्याचे त्याने ओळखावे.

त्याची दिनचर्या कशी होती? दिवसा व्याख्याने, रुग्णालय, शवविच्छेदन. संध्याकाळी परीक्षेचा अभ्यास, आणि उरलेल्या वेळात लेखन. तेही कुठे, तर सगळ्यांच्या मध्ये. ऑगस्ट १८८३ मध्ये लेयकिनना लिहिलेल्या एका पत्रात त्याने आपल्या लिखाणाच्या जागेचे वर्णन केले आहे. समोर लेखनाशी काही संबंध नसलेले काम पडून आहे आणि मनाला टोचते आहे. शेजारच्या खोलीत पाहुण्या आलेल्या नातेवाइकाचे मूल रडते आहे. दुसऱ्या खोलीत वडील आईला मोठ्याने पुस्तक वाचून दाखवत आहेत. कुणीतरी वाजणाऱ्या पेटीला किल्ली देऊन ठेवली आहे. गावाकडे पळून जावे म्हटले तर रात्रीचा एक वाजला आहे, आणि स्वतःच्या पलंगावर तो पाहुणा लोळतो आहे, मधूनच औषधपाण्याच्या गप्पा काढतो आहे. एका खोलीत सहा-सात जण राहिलेल्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ बसून दहावीचा अभ्यास केलेल्या आपल्यापैकी अनेकांना यात नवल वाटणार नाही. पण त्या गोंगाटात त्याने त्या एका वर्षात शंभरावर लहानमोठे लेख आणि गोष्टी लिहिल्या. शिवाय ओस्कोल्कीसाठी मॉस्कोच्या घडामोडींचे सदर, तेही वेगळ्याच टोपणनावाने.

गंभीर गोष्ट त्या साप्ताहिकात खपत नसे. १८८३ च्या वसंतात त्याने दोन जरा गंभीर गोष्टी पाठवल्या. लेयकिननी छापल्या, पण आपल्या साप्ताहिकाच्या मानाने त्या गंभीर झाल्याचे सुनावले. सणासुदीचे वेगळेच. नाताळ आला की नाताळची गोष्ट, ईस्टरला ईस्टरची, उन्हाळ्यात खेड्यातल्या भाड्याच्या बंगल्यांची गंमत. दिवाळी अंकासाठी पावसाळ्यात लिहायला बसणाऱ्यांना हे नित्याचे वाटेल. वर सरकारी सेन्सॉर होताच. १८८५ मध्ये एका निवृत्त शिपायाची गोष्ट, जो गावात कुणालाही मोकळा श्वास घेऊ देत नाही, सेन्सॉरने ओस्कोल्कीतून काढून टाकली. चेखवने ती 'पीटर्सबुर्ग्स्काया गझेता' या दैनिकाकडे दिली आणि तिथे ती छापून आली. प्रिशिबेयेव हे त्या शिपायाचे नाव पुढे रशियन भाषेत जवळजवळ वाक्प्रचारासारखे झाले.

१८८४ मध्ये तो डॉक्टर झाला. त्याच वर्षी पहिला कथासंग्रह निघाला, अर्थात चेखोंते या नावाने. त्याच वर्षीच्या डिसेंबरात खोकल्यातून रक्त पडले. डॉक्टर असून त्याने तिकडे काणाडोळा केला. घशातली एखादी शीर फुटली असेल, म्हणाला. दारावर डॉक्टरची पाटी लागली, रोगी येऊ लागले, त्यांतले कितीतरी फुकटचे. रशियातील वैद्यकाच्या इतिहासावर प्रबंध लिहायचा म्हणून त्याने टिपणे काढायला सुरुवात केली. आपले खरे नाव त्याने या कामासाठी राखून ठेवले होते. वैद्यकशास्त्र हे गंभीर काम, त्याखाली अंतोन चेखव. गोष्टी हा पोटाचा उद्योग, त्याखाली अंतोशा चेखोंते, नाहीतर त्याहूनही चित्रविचित्र नावे. प्रबंध कधीच पुरा झाला नाही.

यात मला फार ओळखीचे काहीतरी दिसते. आपल्याकडेही लिहिणारा माणूस आधी कुठल्यातरी नोकरीचे नाव सांगतो आणि मग जरा संकोचून म्हणतो की अधूनमधून लिहितो.

दैनिकात ओळींची कुंपणे सैल होती आणि हसवलेच पाहिजे अशी सक्ती नव्हती. जानेवारी १८८६ मध्ये तिथे 'तोस्का' ही गोष्ट आली. बर्फात उभा असलेला एक म्हातारा गाडीवान. त्याचा मुलगा नुकताच वारला आहे आणि त्याला ते कुणाला तरी सांगायचे आहे. गाडीत बसणाऱ्यांना वेळ नाही, सोबत्यांना झोप आली आहे. शेवटी तो घोड्याला सांगतो. एवढीच गोष्ट. मुलगा कसा आजारी पडला, मरताना काय म्हणाला, हे सगळे सांगायचे आहे एवढेच आपल्याला कळते. ते शब्द लेखक देतच नाही. शंभर ओळींत काय गाळायचे हे तीन वर्षे शिकलेल्या हाताचे हे काम आहे. ती वर्षे वाया गेली असे म्हणणाऱ्या समीक्षकांशी माझे इथे जमत नाही. आणि गंमत पाहा, जगातल्या उत्तम कथांत गणल्या जाणाऱ्या या कथेखालीही सही होती पाद्रीबुवांनी ठेवलेल्या नावाचीच.

त्या आधीच्या डिसेंबरात लेयकिन त्याला पहिल्यांदा पीटर्सबर्गला घेऊन गेले होते. तिथे गेल्यावर चेखवला कळले की तिथले लोक आपल्या गोष्टी वाचतात, इतकेच नाही तर त्यांवर बोलतात. तो हरखला आणि घाबरलाही. आपण किती भराभर खरडत होतो, हे लोक वाचताहेत हे माहीत असते तर असे लिहिले नसते, अशा अर्थाचे त्याने नंतर भावाला कळवले. फेब्रुवारी १८८६ मध्ये सुव्होरिन यांच्या 'नोव्होये व्रेम्या' या मोठ्या दैनिकाने गोष्ट घेतली, ओळीला १२ कोपेक, आणि खरे नाव घालायची परवानगी मागितली. त्याने दिली, पण जरा नाइलाजानेच. अशा रीतीने अंतोन चेखव हे नाव पहिल्यांदा ठळकपणे साहित्यात आले.

मग २५ मार्च १८८६ चे पत्र. लिहिणारे दिमित्री ग्रिगोरोव्हिच, वय ६४. शिकत असताना दस्तयेव्हस्कीचे सोबती, पुढे काही काळ एकाच घरात राहिलेले, स्वतः नावाजलेले लेखक. अनोळखी तरुणाला त्यांनी आपणहून लिहिले की तुमच्याकडे खरी प्रतिभा आहे, नव्या पिढीत तुम्ही कितीतरी पुढे आहात. पण घाई सोडा, वेळ पडली तर उपाशी राहा, अनुभव साठवा, आणि पुढचे पुस्तक स्वतःच्या नावाने काढा. चेखवने तीन दिवसांनी उत्तर लिहिले. त्यातला सूर ऐकण्यासारखा आहे. पत्र वाचून तो जवळजवळ रडायला आला होता. त्याने कबूल केले की आजवर एकाही गोष्टीवर आपण एका दिवसाहून जास्त वेळ दिलेला नाही, आणि ज्या 'शिकारी' या कथेची तुम्ही तारीफ केलीत ती तर मी उन्हाळ्यात नदीकाठच्या आंघोळीच्या खोपटात बसून लिहिली. मॉस्कोत आपले शेकडो परिचित आहेत, त्यांतले वीसेक जण लिहितात, पण आपल्याला कुणी लेखक मानल्याचे आठवत नाही, असेही त्याने कळवले.

लिहिणाऱ्या तरुणाला बक्षिसाहून जास्त गरज कशाची असते, तर कुणीतरी मोठ्या माणसाने तुझे काम गंभीरपणे घे असे सांगण्याची. आपल्यातल्या ज्यांना एखाद्या सरांनी किंवा बाईंनी निबंधाच्या वहीवर लाल शाईने दोन ओळी जास्तीच्या लिहून दिल्या, त्यांनी त्या वह्या अजून जपल्या आहेत, मला माहीत आहे.

पण उपाशी राहा हा सल्ला देणे सोपे. घरात आई होती, शिकणारी बहीण होती, निकोलाय होता. चेखवने घाई कमी केली, ओळी मात्र बंद केल्या नाहीत. १८८६ मध्येही त्याच्या शंभराहून जास्त गोष्टी आणि लेख आले. त्या मे महिन्यात दुसरा मोठा संग्रह निघाला. मुखपृष्ठावर अ. चेखोंते हे नाव आणि कंसात खरे नाव, अशी तडजोड. नाताळात आली 'वान्का' : मॉस्कोतल्या चांभाराकडे कामाला ठेवलेला नऊ वर्षांचा पोरका मुलगा आजोबांना चोरून पत्र लिहितो आणि पाकिटावर पत्ता घालतो फक्त 'गावी आजोबांना'. १८८७ च्या संग्रहाला पुढच्या वर्षी पुश्किन पारितोषिक मिळाले, पुरे नव्हे, अर्धे, ५०० रूबल. १८८८ च्या सुरुवातीला 'स्तेप' ही दीर्घकथा एका प्रतिष्ठित मासिकात आली; तिच्यात तागानरोगच्या आसपासचे लहानपणचे माळरान आहे. इथून पुढचा चेखव सगळ्यांना माहीत आहे.

१८९९ मध्ये मार्क्स नावाच्या प्रकाशकाने त्याच्या साऱ्या लिखाणाचे हक्क ७५,००० रूबलना घेतले. तेव्हा अडचण अशी झाली की गोष्टी आहेत कुठे? त्याने जपून ठेवल्याच नव्हत्या. याल्टात, क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत, तो ओळखीच्या लोकांना पत्रे लिहून जुन्या साप्ताहिकांच्या आणि दैनिकांच्या फायली धुंडाळायला, गोष्टी उतरवून पाठवायला सांगत होता. गठ्ठे आले. त्याने त्या पुन्हा वाचल्या, कितीतरी बाजूला टाकल्या, उरलेल्यांतून आणखी ओळी कापल्या. आता त्या ओळींचे कुणी पैसे कापणार नव्हते, तरीही कापल्या. त्याच टेबलावर तरुण लेखकांची बाडेही येऊन पडत. तो ती वाचायचा आणि बहुतेकांना पहिली पाने काढून टाका असे सुचवायचा.

आणि तागानरोग? गावाच्या ग्रंथालयाला तो शेवटपर्यंत पुस्तकांची पार्सले पाठवत राहिला, बऱ्याचदा आपले नाव जाहीर करू नका अशी विनंती करून. जुलै १९०४ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, जर्मनीतल्या बाडेनवायलर या गावी तो गेला. त्याने पाठवलेली पुस्तके तोपर्यंत तिथल्या कपाटांत हजारांनी जमा झाली होती.